जंतताई

माझ्या नणंदेला तिच्या दवाखान्यात येणारे लोक तोंडावर सिस्टर म्हणायचे आणि पाठीमागे जंतताई. हे नाव कुणी पाडलं कुणास ठाऊक, पण ते तिच्या कानावर आलं होतं आणि तिला त्याचं काही वाटत नव्हतं. "नाव ठेवू देत, नमुना आणू देत, म्हणजे झालं," असं ती म्हणायची. नमुना म्हणजे कुत्र्यामांजरांच्या शीचा नमुना. ती जनावरांच्या दवाखान्यात बावीस वर्षं नर्स होती. डॉक्टर आत टाके घालायचे, सुया टोचायचे. बाहेरच्या खोलीतलं राज्य हिचं होतं. तिथे एक वजनाचा पाट होता, खिडकीशी सूक्ष्मदर्शक होता आणि टेबलावर एक झाकणबंद काचेची बरणी होती. बरणीत औषधी पाण्यात पांढऱ्या सुतळीच्या तुकड्यांसारखे गोल जंत होते. "आमचा कुत्रा घराबाहेर पडतच नाही हो, त्याला कुठले जंत," असं कुणी म्हणालं की ती काही न बोलता बरणी त्यांच्यापुढे सरकवायची.

"हे कुठून आले?" माणूस विचारायचा.

"आईच्या पोटातून आणि दुधातून. तुम्ही पिल्लू घरी आणलंत, तेव्हा हे आधीच आत येऊन बसले होते."

मग ती माणसाला खुर्चीवर बसवून नीट समजावायची. औषध एकदा देऊन भागत नाही. पिल्लू दोन आठवड्यांचं झालं की पहिला डोस, मग दर दोन आठवड्यांनी, आणि पिल्लांच्या आईलाही. वजन अंदाजे सांगायचं नाही, कारण औषध अंदाजे देता येत नाही. गोळी जिभेच्या मागे ठेवायची, तोंड मिटून धरायचं, गळ्यावरून हात फिरवायचा आणि कुत्र्याने नाक चाटेपर्यंत थांबायचं. नाक चाटलं की गिळलं. एका गृहस्थांनी सोफा हलवला तेव्हा मागे चार गोळ्या सापडल्या होत्या, वर्षभराच्या. ती गोष्ट ती सगळ्यांना सांगायची आणि सांगताना स्वतःच हसायची.

पण खोटं बोलणाऱ्याची ती गय करत नसे. "लोक एकवेळ स्वतःचं वय खरं सांगतील, पण जंताच्या औषधाची तारीख खरी सांगणार नाहीत," असं तिचं मत होतं. कुणी "दिलं, दिलं" म्हणालं की ती म्हणायची, "ताकाला येऊन भांडं कशाला लपवता? नमुना आणा, तो काय ते सांगेल." भरल्या खोलीत ती हे बोलायची. काही लोक तिच्यावर रागावून दुसऱ्या दवाखान्यात गेले आणि चार महिन्यांनी परत आले.

घरी ती अशी नव्हती. घरी ती कमी बोलायची. सासूबाई गेल्या तेव्हा माझा नवरा तेरा वर्षांचा होता आणि ही एकवीस. तिने त्याला वाढवलं, शिकवलं, त्याचं लग्न लावून दिलं. स्वतःच्या लग्नाचं तिने मनावर घेतलं नाही आणि त्याबद्दल कुणाला बोलूही दिलं नाही. मी त्या घरात आले तेव्हा मला धाकधूक होती, की जिने नवऱ्याला आईसारखं वाढवलं ती सासूसारखीच वागेल. पहिल्याच आठवड्यात तिने मला स्वयंपाकघराच्या किल्ल्या दिल्या आणि सांगितलं, "हे तुझं. मला फक्त माझा चहाचा कप कुठे ठेवतेस ते सांग." अकरा वर्षांत आमच्यात एकदाही वाद झाला नाही. ती मला कधी टोकत नसे आणि मी तिला कधी उलटून बोलत नसे. याचा मला अभिमान होता. आता वाटतं, एखादा वाद झाला असता तर बरं झालं असतं.

तिची खोली मागच्या अंगणाकडे उघडायची. एका सकाळी त्या दारात एक भुरकट रंगाची गाभण कुत्री येऊन बसली आणि उठेचना. नणंदेने सायकली ठेवायच्या पत्र्याखाली तिला पोती अंथरून दिली. आठ दिवसांत पाच पिल्लं झाली. नवरा म्हणाला, "ताई, हे घर आहे की तुझ्या दवाखान्याची शाखा?" पण रोज कामावर जाण्याआधी तोच पिल्लं मोजून जायचा. आमची मुलगी तेव्हा सहा वर्षांची होती. सतत इकडून तिकडे पळायची म्हणून तिला आम्ही खारू म्हणायचो. तिला तर स्वर्ग दोन बोटं उरला होता. कुत्रीचं नाव तिनेच भुरी ठेवलं.

नणंदेने पहिल्याच दिवशी नियम घालून दिले. पत्र्याखालच्या कोपऱ्यात खारूने खेळायचं नाही. पिल्लांना हात लावला की साबणाने हात धुवायचे, नखांच्या आतूनसुद्धा. रोज सकाळी शी सुपलीने उचलून झाकणाच्या बादलीत टाकायची. "आज पडलेल्या शीचा त्रास नाही," ती मला म्हणाली, "ती तिथेच राहिली की दोनतीन आठवड्यांनी त्यातली अंडी तयार होतात, आणि मग ती मातीत वर्षानुवर्षं टिकतात. डोळ्यांना दिसत नाहीत. म्हणून रोजच्या रोज." मी मान हलवली. दोन आठवड्यांनी तिने पिल्लांचं वजन करून पहिला डोस दिला. माझ्या स्वयंपाकघरातला काटा तिने मागितला, मी तोंड वाकडं केलं, तर निमूटपणे दवाखान्यातला काटा घेऊन आली.

त्यानंतर तीनच दिवसांनी तिला बाहेरगावी जावं लागलं. भटक्या कुत्र्यांना लस टोचायची मोठी मोहीम होती, पाच आठवड्यांची. जाण्यापूर्वी तिने औषधाची बाटली, सुई नसलेली पिचकारी आणि एक कागद माझ्या हातात दिला. कागदावर दोन तारखा होत्या आणि प्रत्येक पिल्लापुढे किती औषध द्यायचं ते लिहिलं होतं. भुरीच्या गोळ्या वेगळ्या. "जमेल ना तुला?" तिने विचारलं. "नाहीतर मी दवाखान्यातून कुणाला तरी पाठवते."

"न जमायला काय झालं?" मी म्हणाले.

मी एका शाळेच्या कार्यालयात काम करते. ते दिवस नव्या प्रवेशांचे होते. दारापर्यंत रांगा, अर्जांचे गठ्ठे आणि घरी यायला रोज संध्याकाळचे सात. पहिल्या तारखेला मी पिचकारी भरून पत्र्याखाली गेले. एका पिल्लाने नुकतीच शी केली होती आणि तिच्यात जंत होते, जिवंत, वळवळणारे. मला मळमळून आलं. मी नळापाशी जाऊन ओकले आणि घरात आले. उद्या देऊ म्हटलं. उद्याचा परवा झाला. मग तिचा फोन आला.

"दिलंस ना औषध?"

"दिलं."

शब्द तोंडून निघून गेला. मागे घेता आला असता. "अहो ताई, नाही जमलं, मला किळस आली, कुणाला तरी पाठवा," एवढं म्हणायला काय लागतं? ती हसली असती आणि तासाभरात कुणीतरी आलं असतं. पण मी दिलं म्हणाले, आणि मग मदत मागायची वाटच बंद झाली. दुसऱ्या तारखेला फोन आला तेव्हा मी तिचा प्रश्न संपायच्या आधीच "हो, दिलं" म्हणाले. बाटली मात्र मी मोरीत थोडी थोडी ओतून रिकामी केली. हे मी नवऱ्यालाही फार उशिरा सांगितलं, आणि सांगताना मला सगळ्यात जास्त लाज याच गोष्टीची वाटली.

शी उचलणंही मला जमत नव्हतं. मी दोनतीन दिवसांतून एकदा नळाला पाइप लावून सगळं धुऊन काढायची. अंगण स्वच्छ दिसायचं. पाणी उतारावरून नळापलीकडच्या मऊ मातीत जाऊन मुरायचं, आणि त्या मातीत खारू घरं बांधायची. पत्र्याखाली खेळायला बंदी होती, तिथे नव्हती. मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून ओरडायची, "खारू, हात धू गं." ती "धुतले" म्हणायची. तीही माझीच मुलगी.

पाच आठवड्यांनी नणंद परत आली. पिशवी खाली ठेवायच्या आधी अंगणात गेली. एकेक पिल्लू उचलून तिने पोटाखाली हात फिरवला. पोटं चेंडूसारखी टणक आणि गोल होती, आणि अंगावरचे केस मात्र निस्तेज.

"दोन्ही डोस दिलेस?" तिने विचारलं.

"हो."

तिने माझ्याकडे पाहिलं. मग पिल्लू खाली ठेवलं आणि म्हणाली, "बरं."

त्याच संध्याकाळी तिने स्वतः सगळ्यांना औषध दिलं. पुढचे तीन दिवस ती पहाटेच उठून अंगण साफ करत होती. रविवारी कुदळ घेऊन नळापलीकडची मऊ माती खणून काढली, पोत्यांत भरून बाहेर पाठवली आणि तिथे फरश्या टाकल्या. मी तिला विचारलं नाही का म्हणून. मला वाटलं, तिचा स्वच्छतेचा सोस. खरं सांगायचं तर मला तसं वाटून घ्यायचं होतं. महिनाभरात पिल्लं चांगल्या घरी गेली, प्रत्येकाबरोबर एक तारखांचं कार्ड. भुरी आमच्याकडे राहिली. तो विषय संपला असं मी धरून चालले.

सात महिन्यांनी खारूच्या वर्गशिक्षिकेने मला कार्यालयातून बोलावून घेतलं. मुलगी माझ्याच शाळेत होती. "ही डाव्या बाजूच्या मुलांना धडकते," त्या म्हणाल्या. "आणि लिहिताना मान एका बाजूला वाकवते. डोळे दाखवून घ्या." मला वाटलं, चष्मा लागेल.

डोळ्यांच्या डॉक्टरांकडे आम्ही चौघेही गेलो, मी, नवरा, नणंद आणि खारू. डॉक्टर वयाने मोठे आणि सावकाश बोलणारे होते. त्यांनी खारूचा उजवा डोळा कागदाच्या तुकड्याने झाकला आणि तिच्यापुढे तीन बोटं धरली. "किती बोटं आहेत बाळा?"

"कुठली बोटं?" खारूने विचारलं.

तिला घाबरल्यासारखं काही वाटत नव्हतं. तिला खरंच कळलं नव्हतं की समोर बोटं आहेत.

त्यांनी डोळ्यांत औषध घालून बराच वेळ आत पाहिलं. मग रक्त तपासायला पाठवलं आणि चार दिवसांनी पुन्हा बोलावलं. डाव्या डोळ्याच्या पडद्यावर, अगदी मध्यभागी, एक पांढरा डाग होता. त्यांनी चित्र काढून दाखवलं. कुत्र्यांच्या गोल जंताची अंडी मातीतून मुलांच्या पोटात जातात. अळी रक्तातून फिरत फिरत क्वचित डोळ्यात पोचते आणि तिथे मरते. तिथे सूज येते, व्रण राहतो. "क्वचित" हा शब्द त्यांनी दोनदा वापरला.

"घरात कुत्र्याची पिल्लं होती का?" त्यांनी विचारलं.

नवऱ्याने ताबडतोब सांगितलं, "होती, पण माझी बहीण जनावरांच्या दवाखान्यात नर्स आहे. सगळं वेळच्या वेळी झालंय."

डॉक्टरांनी नणंदेकडे पाहिलं. मी जमिनीकडे. मला अजून त्या खोलीतल्या फरशीची नक्षी आठवते.

"नाही झालं," नणंद म्हणाली. "मधले डोस चुकले. पिल्लं मी आणली होती, जबाबदारी माझी होती."

मी तोंड उघडलं नाही.

डॉक्टर तिला समजावत म्हणाले, "हे बघा, नेमकं कुठून आलं हे कुणीच सांगू शकत नाही. बागेतली माती असेल, शाळेचं मैदान असेल. मातीवर नाव लिहिलेलं नसतं." हे वाक्य मी घरी घेऊन आले आणि कितीतरी दिवस जपून ठेवलं. मैदान असेल. बाग असेल. मनातल्या मनात मी शहरातल्या सगळ्या मोकळ्या जागांवर ते खापर फोडून पाहिलं.

घरी आल्यावर नवरा बहिणीला बोलला. एरवी तो आवाज चढवत नाही, तेव्हाही चढवला नाही, त्यामुळे ते जास्त लागलं. "सगळ्या जगाला शिकवतेस," तो म्हणाला. "लोकांना बरणी दाखवतेस. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. माझ्या मुलीच्या वेळीच तुला वेळ नव्हता का?"

"माझ्याकडून राहिलं," ती म्हणाली. एवढंच. ती माझ्याकडे पाहतसुद्धा नव्हती. मी दोघांच्या मध्ये पाण्याचे पेले ठेवले आणि आत निघून गेले. मला वाटत होतं की ती आत्ता बोलेल, आत्ता सांगेल की औषध देण्याचं काम हिच्याकडे होतं. ती बोलली नाही, आणि मला सुटल्यासारखं वाटलं. त्या सुटकेची आठवण झाली की आजही मला स्वतःची शिसारी येते.

महिन्याच्या आत ती दवाखान्यामागच्या खोलीत राहायला गेली. भुरीलाही घेऊन गेली. खारूने विचारलं, "आत्या रुसली का?" नवरा म्हणाला, "आत्याला काम जास्त आहे."

खारूचे औषधोपचार चालू झाले. थेंब, गोळ्या, दर पंधरा दिवसांनी तपासणी. सूज उतरली. डाव्या डोळ्याला कडेकडेचं दिसत राहिलं, मधलं गेलं ते गेलं. उजवा डोळा उत्तम होता, आणि तो एकच उरला म्हणून त्याला जपायला जाड, न फुटणाऱ्या काचांचा चष्मा आला. मुलं लवकर सरावतात. दोन महिन्यांत तिने जिना उतरताना कठड्याला धरायचंही सोडून दिलं. मला मात्र ती प्रत्येक पायरी उतरताना दिसायची.

त्या दिवसांतली एक गोष्ट मला सांगितली पाहिजे. नवरा कधीकधी जेवताना बहिणीबद्दल कडवट बोलायचा. तेव्हा मी म्हणायची, "जाऊ दे ना, मुद्दाम केलं का त्यांनी? झाली चूक." तो माझ्याकडे पाहून म्हणायचा, "तुझं मन मोठं आहे." हे एकदा नाही, तीनचारदा झालं. दुसऱ्याने उचललेल्या माझ्याच चुकीबद्दल मी तिला माफ करत होते, आणि वर कौतुकही घेत होते.

चार महिने असे गेले. खारू आत्याकडे जायचा हट्ट करायची, नवरा विषय टाळायचा. एकदा कपडे आवरताना तिची शाल आणि दोन स्वेटर आमच्या कपाटात सापडले. ते पोचवायचं निमित्त करून मी एका दुपारी दवाखान्यात गेले. काय बोलायचं ते ठरवलं नव्हतं. पिशवी देऊन परतायचं, असंच बहुधा मनात होतं.

बाहेरच्या खोलीत बाकावर मी बसले. ती आधीच्या माणसाशी बोलत होती. निवृत्त ड्रायव्हर असावेत, खांद्याला जुनी खाकी पिशवी, पायाशी एक म्हातारा, जाडा कुत्रा.

"मागच्या तीन महिन्यांचं औषध दिलंत?" तिने विचारलं.

"दिलं ना, दिलं."

मला वाटलं, आता बरणी सरकणार. भांड्याची आणि ताकाची म्हण निघणार. पण तिने पेन खाली ठेवलं, खुर्ची त्यांच्याजवळ ओढली आणि आवाज खाली आणला.

"काका, नसेल दिलं तरी चालेल. मी रागावणार नाही. अनेकांना जमत नाही. कुणाला कुत्रा चावेल अशी भीती वाटते, कुणाला किळस येते, कुणी विसरतं. फक्त खरं सांगा. खरं कळलं की पुढचं करता येतं."

ते कुत्र्याच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाले, "आमची ही द्यायची गोळी. ती गेल्यापासून हा माझ्या हातून खात नाही. तोंड उघडायला गेलो की गुरगुरतो."

"मग दर तीन महिन्यांनी इथे घेऊन या. मी देईन. घरी नातवंडं आहेत?"

"दोन."

"मग आज मुलांबद्दलही बोलू," ती म्हणाली, आणि त्यांना हात धुण्यापासून मातीपर्यंत सगळं सांगत बसली. कागदावर लिहून दिलं. पोरांपैकी कुणी डोळा चोळत असेल, मान वाकडी करत असेल, पोट दुखतं म्हणत असेल तर थांबू नका, हेही सांगितलं. ते उठून गेले. बरणी टेबलावर नव्हती. मागच्या फडताळात, बाटल्यांच्या मागे ठेवलेली दिसली.

मग तिने मला पाहिलं. "अगं, तू कधी आलीस?"

मी पिशवी पुढे केली आणि रडायला लागले. तिने दार लोटलं आणि मला खिडकीपाशी, सूक्ष्मदर्शकाच्या स्टुलावर बसवलं. मी सगळं सांगितलं. पिचकारी, ओकारी, फोन, मोरीत ओतलेलं औषध, पाइपचं पाणी. भुरी टेबलाखालून येऊन माझ्या पायावर डोकं ठेवून पडली, त्याने मला आणखीच मेल्याहून मेल्यासारखं झालं.

माझं संपल्यावर ती म्हणाली, "मला माहीत आहे."

"कधीपासून?"

"आले त्याच्या दुसऱ्या दिवसापासून. मी औषध दिल्यावर पिल्लांच्या पोटातून जे पडलं ते पाहिलं ना. दोन डोस झालेल्या पिल्लांमधून इतके जंत पडत नाहीत. बावीस वर्षं तेच बघतेय मी."

"मग बोलला का नाहीत?"

ती काचपट्ट्या पुसायला लागली. स्वच्छ असलेल्याच पुसत होती. "बोलायला हवं होतं. तू खोटं बोललीस ते सोड, ते सगळेच बोलतात. पण मला कळलं होतं. खारू त्या मातीत खेळते हेही कळलं होतं. तेव्हाच तिला डॉक्टरांकडे न्यायला हवं होतं, लक्ष ठेवायला हवं होतं. परक्या माणसाला मी भर खोलीत खोटं पाडलं असतं. घरात मात्र मूग गिळून बसले. वाटलं, उगीच तुझ्यामाझ्यात तेढ नको, माझ्या भावाच्या संसारात कटकट नको. माती काढली, फरशी टाकली आणि स्वतःची समजूत घातली की झालं, निस्तरलं. तू पाच आठवडे खोटं बोललीस. मी सात महिने."

"पण डॉक्टरांसमोर तुम्ही सगळं स्वतःवर घेतलंत."

"तेव्हा तुझं नाव घेणं म्हणजे हात झटकणं झालं असतं. बोलायची वेळ आधी होती, ती मी घालवली."

मी म्हणाले, "ताई, मला माफ करा."

"मी कोण माफ करणारी?" ती म्हणाली. "डोळा माझा नाही."

हे ती कठोरपणे बोलली नाही, पण मऊही केलं नाही. थोड्या वेळाने तिने माझ्या हातात चहाचा कप दिला. "त्याला सांगायचं की नाही ते तू ठरव. मला घरी परत न्यायला म्हणून सांगू नकोस. मला इथे बरं आहे. सांगितलंस तर तुझ्यासाठी सांग."

मी नवऱ्याला त्या रविवारी सांगितलं. तो खारूच्या सायकलची साखळी बसवत होता. त्याने हातातलं काम थांबवलं नाही, शेवटपर्यंत ऐकलं, मग हात पुसून बाहेर निघून गेला. दोन दिवस तो माझ्याशी कामापुरतं बोलला. तिसऱ्या दिवशी सकाळी दाढी करताना आरशातूनच त्याने विचारलं, "मी ताईला तसं बोलत होतो, तेव्हा तू तिथेच उभी होतीस ना?"

"होते."

"आणि नंतर जेवताना मला म्हणायचीस, झाली चूक."

"हो."

औषध चुकलं ते त्याला समजू शकत होतं. हे नाही. अजूनही पूर्णपणे समजलेलं नाही, आणि मी त्याचा आग्रह धरत नाही.

त्याच आठवड्यात तो बहिणीकडे गेला. काय बोलणं झालं ते दोघांनीही मला सांगितलं नाही. तो परत आला तेव्हा त्याचे कपडे बाह्यांपर्यंत ओले होते आणि अंगाला कुत्र्याच्या साबणाचा वास येत होता. "तिने मला भुरीला आंघोळ घालायला लावली," तो म्हणाला. "म्हणाली, रडायचं असेल तर हात कामात ठेव." त्यानंतर तो तिच्या खोलीतला गळका नळ बसवायला गेला, मग फडताळ ठोकायला. माफी त्याने तोंडाने मागितली असेल असं मला वाटत नाही. त्यांच्याकडे ती पद्धतच नाही.

ती घरी परत आली नाही. या गोष्टीला आता दोन वर्षं होतील. रविवारी जेवायला येते, खारूला घेऊन बसते. तिने स्वतः वाचून काही व्यायाम शोधून काढले, डावीकडे मान वळवून बघायची सवय लावायचे, आणि डॉक्टरांना विचारून ते खारूकडून करून घेते. दवाखान्यात तिने एक वही सुरू केली आहे, ज्यांच्या जनावरांच्या औषधाची तारीख जवळ आली त्यांना फोन करायची. शनिवारी दुपारी ते फोन मी करते. तिने सांगितलं नव्हतं, मीच मागून घेतलं. फोनवर कुणी फार पटकन "दिलं" म्हणालं की मला ओळखू येतं. मी त्यांना काही शिकवत नाही. "नसेल जमलं तर आणून सोडा, सिस्टर देतील," एवढं म्हणते. दहातले चार जण आणून सोडतात.

खारू आता नऊ वर्षांची आहे. गेल्या आठवड्यात गृहपाठ करता करता तिने विचारलं, "आई, माझ्या डोळ्यात तो जंत कुठून गेला?"

"मातीतून."

"कुठल्या मातीतून?"

डॉक्टरांचं ते मातीवर नाव नसल्याचं वाक्य माझ्या ओठांवर आलं होतं. "आपल्या अंगणातल्या," मी म्हणाले.

"तिथे तर फरशी आहे."

"तेव्हा नव्हती."

तिने थोडा विचार केला, चष्मा वर सरकवला आणि पुन्हा वहीत डोकं घातलं, मान किंचित डावीकडे वळवून. पुढचा प्रश्न तिने विचारला नाही. तो येईल तेव्हा ताईंना बोलवायचं की मी एकटीनेच उत्तर द्यायचं, यावर आम्ही दोघी एकदा बोललो होतो. ताई म्हणाल्या, आपण दोघींनी मिळून सांगू. मला वाटतं, आधी मी सांगावं.